शनिवारचा वाडा, मंगळवारची तारीख

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत शिरताना मान आपोआप वर जाते. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर ठोकलेले लोखंडी सुळे अजून तसेच आहेत. आत मात्र जोती, बागेची हिरवळ आणि ऊन.

वाड्याला हे नाव मिळालं कसं? पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ची. दोन्ही शनिवारी, असं लहानपणापासून ऐकत आलो. तिथेच उभं राहून मोबाईलच्या कॅलेंडरात या तारखा काढल्या. दोन्ही मंगळवार! म्हणजे इतकी वर्षं आपण मंगळवारवाड्याला शनिवारवाडा म्हणत होतो?

तसं नाही. या तारखा जुन्या इंग्रजी कालगणनेतल्या. इंग्रजांनी 1752 मध्ये पंचांग सुधारलं आणि 11 दिवस गाळले. ते 11 दिवस मिळवले की तारखा 21 जानेवारी आणि 2 फेब्रुवारी होतात, आणि वार शनिवार. तिथीला तर ही भानगडच नाही: शके 1651 ची माघ शुद्ध तृतीया आणि शके 1653 ची रथसप्तमी. जुन्या कागदांत शनिवारला ‘मंदवार’ही म्हणत. ते नाव चिकटलं असतं तर वाड्याचा दरारा निम्म्याने कमी झाला असता, असं आपलं मला वाटतं.

काहींच्या मते नाव वाराचं नाही, शेजारच्या शनिवार पेठेचं. असेल. पण दोन्ही मुहूर्त एकाच वारावर धरले गेले, ते नुसत्या योगायोगाने, हे मला पटत नाही.

पहिल्या बाजीरावांच्या या वाड्याला खर्च आला 16,110 रुपये. सागवान जुन्नरकडून, दगड चिंचवडहून, चुना जेजुरीहून. पुढे तो वाढत गेला, तटबंदी चढली, कारंजी उडाली. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणरावांचा खून इथलाच. बघायला येणारे बहुतेक त्याच्याच गोष्टी शोधत असतात. 1817 च्या नोव्हेंबरात इंग्रजांचं निशाण चढलं. 27 फेब्रुवारी 1828 ला आग लागली. सागवानच ते, दिवसचे दिवस जळत राहिलं.

तट खाली दगडाचा आणि वर विटांचा म्हणून वाचला. मंदवारी सुरू झालेला वाडा होता, विझायलाही त्याने वेळ घेतला.