वाल्डेमारचे दोन वारसे

जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याचा धाकटा भाऊ हाइनरिश. त्याला तीन मुलगे. थोरला वाल्डेमार १८८९ साली जन्मला, मधला सिगिस्मुंड १८९६ साली आणि शेंडेफळ हाइनरिश १९०० साली. शेंडेफळ चार वर्षांचे असताना पडले आणि रक्तस्राव न थांबल्याने दगावले. वाल्डेमारलाही हिमोफिलियाच होता. सिगिस्मुंड मात्र ठणठणीत!

या मुलांचे आईवडील मावसभावंडे; दोघांचीही आजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. वर्गात एवढे सांगितले, की "नात्यात लग्न केले म्हणून असे झाले" हे उत्तर हमखास येते. तिथे थोडे थांबावे. हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला वडिलांकडून वाय मिळते, एक्स येते ते केवळ आईकडून. तेव्हा आयरीनने अगदी परक्या घरात लग्न केले असते तरी मुलग्यांच्या बाबतीत काहीच फरक पडला नसता. ती वाहक होती. तिच्या दोन एक्सपैकी एक सदोष, आणि दर खेपेला नाणेफेक नव्याने. तिचा एक भाऊ याच आजाराने १८७३ साली बालपणीच गेला. बहीण अलेक्झांड्रा रशियाची सम्राज्ञी झाली. तिचा मुलगा अलेक्सी प्रसिद्धच आहे. रशियन राजघराण्याच्या अस्थींमधील डीएनए तपासून २००९ साली दोष नेमका सापडला. रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाच्या जनुकात एका अक्षराचा बदल! वाल्डेमारमध्येही तोच असणार.

तरीही तो छप्पन्न वर्षे जगला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रशियन फौजांपुढून पळ काढत तो पत्नीसह बव्हेरियातील टुट्झिंगला पोचला. तिथे त्याला रक्त देण्यात आले. १ मे १९४५ रोजी अमेरिकन सैन्य आले आणि त्यांनी सारी वैद्यकीय सामग्री जवळच्या छळछावणीतील बंद्यांसाठी वळवली. दुसऱ्या दिवशी वाल्डेमार वारला. या निर्णयाला दोष द्यायला माझी तरी जीभ रेटत नाही.

त्याला मूलबाळ नव्हते. मुलगी असती तर ती खात्रीने वाहक झाली असती, कारण त्याच्याजवळ द्यायला एकच एक्स होते. सिगिस्मुंड कोस्टारिकात स्थायिक झाला होता. आयरीनने त्याची मुलगी बार्बरा हिला दत्तक घेतले. १९५३ साली आयरीन वारल्यावर हेमेलमार्कची जमीनजुमल्याची मालकी या नातीकडे आली. सदोष जनुक मात्र तिच्या वाट्याला आले नाही, कारण ते सिगिस्मुंडकडेच नव्हते.