वाहनवापर आणि रस्ते सुरक्षा

रस्ते सुरक्षेचा विषय निघाला की हेल्मेट, सीटबेल्ट, वेगमर्यादा आणि वळणांची रचना यांची चर्चा होते. लोक वाहनाने एकूण किती किलोमीटर फिरतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः अपघाती मृत्यूंची संख्या तीन बाबींवर ठरते : कापलेले अंतर, दर किलोमीटरमागे अपघाताची शक्यता आणि अपघात झाल्यास होणाऱ्या इजेची तीव्रता. जो प्रवास वाहनाने झालाच नाही, त्यात वाहनचालकाच्या चुकीला वाव उरत नाही.

टाळेबंदीच्या २०२० या वर्षाने याचा प्रत्यय दिला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्या वेळी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ अपघातांत १,५१,११३ जणांचा मृत्यू झाला होता. २०२० मध्ये हे आकडे अनुक्रमे ३,६६,१३८ आणि १,३१,७१४ वर आले. अपघात १८ टक्क्यांनी घटले, मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच; दर १०० अपघातांमागील मृत्यू ३४ वरून ३६ वर गेले. मोकळ्या रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो, हे यामागचे एक संभाव्य कारण होय. म्हणजेच वाहने कमी करताना वेगावरील नियंत्रण सैल करून चालत नाही. वाहतूक पूर्ववत झाल्यावर २०२२ मध्ये मृतांची संख्या १,६८,४९१ झाली.

टाळेबंदी हा अर्थातच उपाय नव्हे. सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात गर्दीच्या वेळी शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले आणि १९९० पासून नव्या वाहनांच्या संख्येलाच मर्यादा घातली. उद्देश वाहतूक कोंडी कमी करण्याचा होता. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य देण्याचे सूत्र स्वीकारले.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. २०२२ मधील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. त्यांतील अनेकांसाठी दुचाकी ही हौस नसून, वेळेवर न येणाऱ्या बसला शोधलेला पर्याय असतो. अशांना केवळ वाहन कमी वापरा असे सांगण्यात अर्थ नाही. बस किंवा रेल्वे नियमित आणि परवडणारी असली, तरच दुचाकी घरी राहते. शिवाय बसचा प्रवासी थांब्यापर्यंत पायीच जातो आणि त्याच वर्षी मृतांपैकी १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. त्यामुळे बसफेऱ्या वाढविण्याच्या आराखड्यात थांब्यापर्यंतचा पदपथ आणि रस्ता ओलांडण्याची सुरक्षित जागा यांचाही समावेश असावा लागतो.