तारापूर: पन्नाशीतलं भविष्य

फॉलआउट गेममधली ती 1950च्या दशकातली अमेरिका मला जाम आवडते. रेडिओवरची जुनी गाणी, गोलसर गाड्या, अणूवर चालणारं सगळंच. ते भविष्य आपल्याकडे खरंच उतरलं होतं, तारापूरला. 1963 साली अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या आल्या आणि 1969मध्ये वीज सुरू झाली. भट्टीतच पाणी उकळतं, त्याच वाफेवर टर्बाइन फिरतं. म्हणजे शेवटी चहाचं आधणच! 1974च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधन देताना हात आखडला. पुढे आपल्याच बनावटीच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. गेम खेळताना ती मला कधी आठवली नव्हती. आता आमच्या पोशीर नदीवर धरण मंजूर झालंय, मुंबईकडच्या शहरांसाठी. गावी गेलो की गप्पा फक्त भूसंपादनाच्या.