स्वयंलेखन

जाणिवेचे नियंत्रण सैल सोडून मनात येतील ते शब्द न थांबता, न खोडता लिहिण्याची अतिवास्तववादी काव्यपद्धती. मूळ मनोविश्लेषणातील मुक्त साहचर्यात, म्हणजे रुग्णाने मनात येईल ते न अडवता बोलण्याच्या तंत्रात (पहा : फ्रॉइड, सिग्मंड). वैद्यकाचा विद्यार्थी असताना आंद्रे ब्रताँ याने १९१६ मध्ये सँ-दिझिए येथील लष्करी मनोरुग्ण केंद्रात युद्धाघाताने ग्रस्त सैनिकांवर मुक्त साहचर्याचे तंत्र वापरले. १९१९ मध्ये फिलिप सूपोसह ते स्वतःवरच योजून त्याने ‘ले शाँ मान्येतिक’ (१९२०) हा गद्यकाव्यसंग्रह सिद्ध केला. त्यात लेखनाचा वेग प्रकरणागणिक हेतुतः बदललेला आहे. १९२४ च्या जाहीरनाम्यात ब्रताँने अतिवास्तववादाची व्याख्याच शुद्ध मानसिक स्वयंचलन अशी केली (पहा : अतिवास्तववाद). मनोविश्लेषणाच्या उपचारात असे शब्द अन्वयार्थासाठी विश्लेषकाच्या हाती जातात. स्वयंलेखनात मात्र तीच संहिता कविता ठरते.