हैदराबाद संस्थानातील फुटबॉल आणि जमिनीवरच्या पासचे शिक्षण

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रभर माहीत झाले असले, तरी या लेखात ज्या क्रीडापरंपरेचा विचार करावयाचा आहे तिचा संबंध या भागाच्या जुन्या राजकीय भूगोलाशी आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या कारभाराखाली होता. त्या राज्याच्या राजधानीत विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील सर्वांत पद्धतशीर फुटबॉल शिकविला जात होता, आणि त्या शिक्षणाच्या मुळाशी एक साधे दिसणारे कौशल्य होते: जमिनीवरून आलेला पास पायाने घेऊन ताब्यात ठेवणे.

महाराष्ट्रातील क्रीडाशिक्षक या कौशल्यास बहुधा ‘ट्रॅपिंग’ म्हणतात. गतीने येणाऱ्या चेंडूचा वेग पायाच्या स्पर्शाने कमी करून त्यास पुढच्या हालचालीसाठी सोयीच्या जागी आणणे, असा त्याचा अर्थ आहे. फुटबॉलच्या आरंभी या कौशल्याला विशेष स्थान नव्हते, कारण इंग्लंडमध्ये १८६३ साली ठरलेल्या नियमांनुसार चेंडूच्या पुढे उभा असलेला सहकारी ‘ऑफसाइड’, म्हणजे खेळात भाग घेण्यास अपात्र, मानला जात असे. त्यामुळे चेंडू पायाशी ठेवून एकट्याने धावत सुटणे, अर्थात ‘ड्रिब्लिंग’, हाच खेळाचा गाभा राहिला. १८६६ साली ही अट सैल झाली, पुढे पास देणे शक्य झाले, आणि स्कॉटलंडच्या खेळाडूंनी आपसांत चेंडू फिरवीत खेळण्याची रीत रूढ केली. पास देणारा आला तसा पास घेणाराही महत्त्वाचा ठरला. किंबहुना चेंडू घेणाऱ्याचा पाय कच्चा असेल तर देणाऱ्याचे कसब वाया जाते, हे सत्य त्या काळापासूनचे आहे.

भारतात या कौशल्याला अनवाणी पायाचे एक वेगळेच प्रकरण जोडलेले आहे. १९११ साली ज्या मोहन बागान संघाने कलकत्त्यात आय.एफ.ए. शील्ड जिंकली, त्यातील एक खेळाडू वगळता बाकी सर्व अनवाणी होते. उघड्या पायाला चेंडूचा वेग थेट जाणवतो, म्हणून कोरड्या मैदानावर असे खेळाडू पायाच्या आतल्या बाजूने चेंडू फार नजाकतीने थोपवीत. ओल्या व थंड मैदानावर मात्र हीच सवय अडचणीची ठरे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा पराभव केला आणि त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. एका पिढीला जवळजवळ नव्याने चेंडू थोपविण्यास शिकावे लागले.

हे शिक्षण ज्यांनी सर्वांत गांभीर्याने हाती घेतले ते सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३) मूळचे शाळेतील शिक्षक होते आणि ही गोष्ट त्यांच्या पद्धतीत पदोपदी दिसते. हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव व हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक या नात्याने त्यांनी उंच फटक्यांऐवजी जमिनीलगतच्या छोट्या पासांवर भर दिला. मुलांना निव्वळ उपदेश करून सवयी बदलत नाहीत, हे ओळखून त्यांनी स्पर्धेचे नियमच बदलले: काही स्पर्धांत ड्रिब्लिंगला बंदी असे, तर काहींत फक्त कमजोर पायाने खेळावे लागे. ड्रिब्लिंग बंद झाले की चेंडू आल्याबरोबर तो कोठे द्यायचा हे मुलाला आधीच पाहून ठेवावे लागते, आणि पहिला स्पर्श चुकला तर तो सावरण्यास उसंत उरत नाही. शिक्षकाने शंभरदा सांगूनही जे पटत नाही ते नियमाच्या एका ओळीने साधते. रहीम यांचे मोठेपण पदकांइतकेच या युक्तीत आहे. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान गाठले.

या परंपरेचा आधार मात्र शहरातील शाळा, पोलिसांचा संघ आणि नित्याच्या स्पर्धा हा होता. अशी विद्या पुस्तकांतून फारशी पसरत नाही; ती एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर माणसांबरोबर जाते. १९५६ नंतर मराठवाड्याचा प्रशासकीय व शैक्षणिक व्यवहार मुंबईकडे वळला आणि हैदराबादच्या मैदानांशी एकाच राज्यात असल्याचे नाते संपले. हा तोटा मराठवाड्याच्या इतिहासात क्वचितच मोजला गेला आहे.

मराठी मुलखात या प्रकारचा आधार कोल्हापुरात उभा राहिला. तेथे १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ यांसारख्या संघांच्या रूपाने कुस्तीच्या तालमींची पेठनिष्ठा शाहू स्टेडियमवरील फुटबॉलला लाभली. थोरल्यांचा खेळ पाहत वाढलेली मुले चेंडू घेण्याची ढब नकळत उचलतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

आजच्या शिक्षणात या कौशल्याची फोड अधिक बारकाईने केली जाते. मुलाने चेंडू येण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहावे, आधाराच्या पायाचा गुडघा किंचित वाकवावा, घोटा घट्ट ठेवून पायाची आतली बाजू चेंडूसमोर धरावी आणि स्पर्श होताच पाय थोडा मागे घ्यावा, म्हणजे आघात अधिक काळात विभागला जाऊन चेंडू उसळत नाही. पुढची पायरी चेंडू जागीच न थांबविता पहिल्याच स्पर्शात मोकळ्या बाजूस नेण्याची असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘गोल्डन बेबी लीग’मध्ये लहान मुलांना लहान मैदानावर, कमी खेळाडूंसह खेळविण्यामागेही प्रत्येकाच्या पायाला अधिक वेळा चेंडू लागावा हाच हेतू होता.

अंबड तालुक्यातील काळ्या जमिनीवर हे शिक्षण अधिक कठीण आहे, कारण ती पावसाळ्यात पायाला चिकटते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगेवरून आलेला चेंडू शेवटच्या क्षणी दिशा बदलतो. अशा जमिनीवर प्रथम हळू पास द्यावेत, पायाच्या तळव्याने चेंडू दाबून थांबविण्यास शिकवावे, आणि मुरूम टाकून दाबलेली एखादी सपाट पट्टी सरावासाठी राखावी, हे शहाणपणाचे ठरते. ड्रिब्लिंगबंदीची किंवा कमजोर पायाची स्पर्धा भरविण्यासाठी तर एक चेंडू आणि शाळेचे अंगण एवढे पुरते.