येरळेकाठच्या दोन पोटनिवडणुका

आमच्या वडूजच्या बाजारात 'पोटनिवडणूक' हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. 'मधलं विलेक्शान' म्हणतात. पाच वर्षांचं ठरलेलं ते मोठं आणि माणूस गेल्यावर येतं ते मधलं. त्यामुळं या निवडणुकीला पहिल्यापासूनच दुखवट्याचा वास असतो.

आमची येरळा खटाव तालुक्यातली. वडूज, येरळवाडीचं धरण करत ती खाली सांगली जिल्ह्यात उतरते आणि कडेगाव, पलूस, तासगावच्या शिवारांतून ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आमच्या सोयरिकीही नदीबरोबर खालीच उतरल्या. त्यामुळं तिकडचं राजकारण इकडं पाहुण्यांच्या तोंडून येतं. तीन वर्षांच्या अंतरानं या नदीच्या काठावर दोन मधली विलेक्शानं आली.

पहिलं तासगाव-कवठेमहांकाळचं. अंजनीचे आर. आर. पाटील १९९० पासून सलग सहा वेळा निवडून आलेले. ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्ती यांमुळं आबा आमच्याही गावोगाव पोचले होते. १६ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले. पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई उभ्या राहिल्या. मोठ्या पक्षांनी उमेदवार दिले नाहीत, पण काही अपक्ष राहिले, म्हणून ११ एप्रिलला मतदान झालं. ताई लाखाहून अधिक मतांनी आल्या. त्याच दिवशी मुंबईत वांद्रे पूर्वलाही पोटनिवडणूक होती. तिथं दिवंगत आमदार बाळा सावंतांच्या पत्नी तृप्ती सावंत नारायण राण्यांशी लढून जिंकल्या. दुःख दोन्हीकडं सारखं, पण एकीकडं वाट मोकळी केली, दुसरीकडं अडवली.

दुसरं पलूस-कडेगावचं. सोनसळच्या पतंगराव कदमांनी भारती विद्यापीठ उभं केलं, मंत्रिपदं भूषवली. ९ मार्च २०१८ ला त्यांचं निधन झालं. २८ मे मतदानाची तारीख ठरली. काँग्रेसकडून चिरंजीव विश्वजीत आणि भाजपकडून संग्रामसिंह देशमुख. माघारीच्या दिवशी देशमुखांनी अर्ज काढला आणि निवडणूक बिनविरोध झाली. त्याच २८ मे ला पालघर लोकसभेची पोटनिवडणूक मात्र चुरशीनं झाली. तिथं खासदार चिंतामण वनगा गेले होते. त्यांचा मुलगा शिवसेनेकडून उभा राहिला आणि वनगांच्याच भाजपनं त्याला हरवलं.

माझी एक आत्या वांगीकडं दिलेली. बिनविरोधची बातमी आली त्या आठवड्यात मी तिच्याकडं गेलो होतो. मला वाटलं, म्हातारी खूश असेल. ती म्हणाली, "आरं, सायबाच्या मातीला जायला पाय चाललं न्हाईत. म्हटलं, निदान मत टाकून येईन. तर आता मतबी न्हाई म्हणत्यात." तिचे दीर दुसऱ्या गटाचे. ते कट्ट्यावरूनच बोलले, "दुखवटा दुखवट्याच्या जागी, वयनी. माझं बटन कुठं गेलं त्ये सांगा." दोघांची मतं उलटी, पण तक्रार एकच.

कायदा असा की जागा रिकामी झाली की साधारण सहा महिन्यांत ती भरायची. माघारीनंतर एकच अर्ज उरला, तर तो उमेदवार निवडून आला असं जाहीर होतं. मग मतदान यंत्रही येत नाही आणि यंत्रावरचं 'नोटा'चं बटणही येत नाही. बिनविरोध ही रीत काही नवी नव्हे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोधच गेले. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज याच कडेगाव तालुक्यात आहे. पण तिथं देशावर युद्धाचा प्रसंग येऊन गेला होता. घरातल्या दुःखाला तोच मान द्यावा का, हा प्रश्न उरतोच.

वडूजकराला हा प्रश्न जरा जास्त टोचतो. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. त्या काळी मताचा हक्क जमीन, सारा, शिक्षण बघून मिळायचा. मोर्चातल्या कितीतरी शेतकऱ्यांना तो नव्हताच. पुढं तो सगळ्यांना मिळाला, आत्याला मिळाला, तिच्या दिरांनाही मिळाला.

पलूस-कडेगावची गोष्ट बिनविरोधवर संपली नाही. ऑक्टोबर २०१९ ला मोठं विलेक्शान आलं. युतीत जागा शिवसेनेला गेली आणि भाजपची मंडळी नाराज झाली. विश्वजीत दीड लाखावर मताधिक्यानं आले. पण दुसऱ्या क्रमांकावर माणूस नव्हता, 'नोटा' होता. वीस हजारांहून जास्त लोक उन्हातान्हात रांगेत उभे राहून 'यांपैकी कुणीही नाही' सांगून आले. २०२४ ला कदम आणि देशमुख समोरासमोर लढले. विश्वजीतच जिंकले, पण फरक तीस हजारांच्या आसपास आला.

म्हणजे २०१८ ला उघडलीच नाही ती पेटी लोकांनी पुढं दोनदा उघडून दाखवली. गेलेल्या माणसाचा मान ठेवायला आपल्याकडं दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. मतदान हे जित्या माणसांचं काम आहे. ते त्यांना करू द्यावं.