पुसलेला शब्द : चित्रपट, जात आणि अभिव्यक्तीचा प्रश्न

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी परिचित असलेले गाव. परंतु २००६ नंतर या गावाचे नाव महाराष्ट्राला निराळ्याच कारणाने ठाऊक झाले. जवळचे खैरलांजी हे खेडे आंधळगावच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील सुरेखा, प्रियांका, सुधीर आणि रोशन या चौघांची गावातील जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे त्या रात्री मदत मागण्यासाठी आले ते याच ठाण्यात. मदत वेळेवर पोहोचली नाही. पुढे हलगर्जीपणाबद्दल काही पोलीस कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. वृत्तपत्रांनी या हत्याकांडाची यथायोग्य दखल घेण्यास कित्येक आठवडे लागले. नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे खैरलांजी हे नाव राज्यभर पोहोचले.

या घटनेचा निवाडा झाला, तो वाचकांना स्मरत असेल. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. त्यांतील सहा जणांना फाशीची आणि दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला असे दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. एका मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी साक्ष दिली, तिचा सूड म्हणून ही हत्या झाली असे ठरले. अपराध सिद्ध झाला, पण 'जात' हा शब्द त्या अपराधाच्या कारणांतून गळाला. ज्या समाजाने ते सोसले, त्याच्या मनाला शिक्षेच्या कमीअधिकपणापेक्षा हे गळणे अधिक लागले.

प्रस्तुत लेखाचा विषय चित्रपट हा आहे. तरीही आरंभ आंधळगावपासून करण्याचे कारण एवढेच, की शब्द गाळण्याची हीच क्रिया चित्रपटाच्या पडद्यावर गेली नव्वद वर्षे होत आली आहे. तिचा इतिहास पाहिल्यावाचून अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा पोकळ राहील, असे आम्हांस वाटते.

मराठी चित्रपटात अस्पृश्यतेचा प्रश्न प्रारंभीच्या काळातच आला. १९३५ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली संत एकनाथांच्या जीवनावर चित्रपट काढला. एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' असे होते. ते नाव ऐकताच प्रेक्षकांना गांधीजी आठवतील या भीतीने सेन्सॉरने हरकत घेतली आणि चित्रपट 'धर्मात्मा' या नावाने प्रदर्शित झाला. अस्पृश्यांना जवळ करणारा सोळाव्या शतकातील संत पडद्यावर चालत होता. तो विसाव्या शतकातील राजकारणाशी जोडला जाणे मात्र चालत नव्हते. जातिभेदाची कथा भूतकाळात कोंडून ठेवावी ही अट येथे प्रथम दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली आचार्य अत्रे यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते आणि पुढे या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि तीत त्यांचा पराभव झाला. पडद्यावरील समाजक्रांतिकारकाला पदक आणि मतदारसंघातील समाजक्रांतिकारकाला पराभव, असे हे वर्ष होते.

एकाहत्तर वर्षांनी, २०२५ साली, त्याच जोतीराव-सावित्रीबाईंवर अनंत महादेवन यांनी 'फुले' हा हिंदी चित्रपट केला. तो ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीस, यावयाचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. प्रमाणन मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द आणि जातिव्यवस्थेविषयीचे निवेदन काढण्यास सांगितले. गुलामगिरी तीन हजार वर्षांची आहे असे म्हणणाऱ्या संवादात वर्षांचा आकडा जाऊन 'कित्येक वर्षे' असा मोघम उल्लेख करण्यास सांगितले. चित्रपट २५ एप्रिलला प्रदर्शित झाला. ज्या मुलींसाठी आणि ज्या जातींच्या मुलांसाठी फुले दांपत्याने शाळा काढल्या, त्या जातींची नावे गाळून त्या शाळांचा इतिहास सांगावयाचा कसा, या प्रश्नाचे उत्तर मंडळाने दिलेले नाही. त्याच वर्षी संध्या सुरी यांच्या 'संतोष' या चित्रपटाला भारतात प्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही. एका दलित मुलीच्या हत्येचा तपास आणि पोलीस ठाण्यातील जात व हिंसा हा त्याचा विषय आहे. आंधळगाव ज्याच्या स्मरणात आहे, त्याला हा विषय काल्पनिक वाटणार नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. चित्रपट दाखविण्यापूर्वी तपासण्याची पद्धत इंग्रजी राजवटीतील १९१८ च्या कायद्याने आली आणि १९५२ च्या कायद्याने ती स्वतंत्र भारतात चालू राहिली. १९७० साली के. ए. अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वतपासणी घटनेला धरून आहे असे ठरविले. मंडळाच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी एक अपील न्यायाधिकरण होते. ते २०२१ मध्ये बरखास्त झाल्याने आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. मोठ्या कंपनीस हे परवडेल. आपल्या वस्तीतील कथा सांगू पाहणाऱ्या तरुणास परवडणार नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. जातीच्या संदर्भात चित्रपटाच्या स्वातंत्र्याचा सर्वांत भक्कम निर्णय लाभला तो आरक्षणावर टीका करणाऱ्या 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ चित्रपटाला. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले होते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले. निदर्शनांची वा हिंसेची धमकी मिळते एवढ्यावरून अभिव्यक्ती दडपता येणार नाही आणि सुव्यवस्था राखणे हे शासनाचेच काम आहे, असे तत्त्व न्यायालयाने घालून दिले. याच वाटेने २०११ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने 'आरक्षण' या चित्रपटावर घातलेली बंदी उठली. त्या वेळी आपल्यातील अनेकांना बंदी योग्य वाटली होती. परंतु अप्रिय चित्रपट बंद करण्याची जी सत्ता आपण शासनाच्या हाती देतो, तीच सत्ता उद्या 'महार' आणि 'मांग' हे शब्द पुसते. हत्यार एकच आहे. ते कोणाच्या हाती असावे हे ठरविण्याचे बळ दुर्बलांकडे नसते, म्हणून त्यांनी तर ते हत्यार मागूच नये.

मग आक्षेप घ्यावयाचाच नाही काय? तसे नाही. 'बॅन्डिट क्वीन' या १९९४ च्या चित्रपटाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यावर दोन निरनिराळे आक्षेप आले. आपल्या जीवनाची आणि आपल्यावरील अत्याचाराची मांडणी विपर्यस्त झाली असे सांगत स्वतः फुलनदेवी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दुसरा आक्षेप गुज्जर समाजाची बदनामी झाली असा होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फेटाळला. हे दोन्ही आक्षेप एकाच तागडीत तोलता येत नाहीत. जिच्या देहावर अत्याचार झाला तिचा 'माझे दुःख असे मांडू नका' हा शब्द वेगळा, आणि अत्याचार करणाऱ्याच्या जातीचा 'आमचे नाव घेऊ नका' हा शब्द वेगळा. पहिल्याकडे कलावंताने कान दिलाच पाहिजे. दुसऱ्याला कलावंताने उत्तर द्यावे, पण त्यासाठी सत्य सोडू नये. खैरलांजीवर 'खैरलांजीच्या माथ्यावर' हा मराठी चित्रपट आला तेव्हा भैयालाल हयात होते. त्यांचे निधन जानेवारी २०१७ मध्ये झाले. डोळ्यांदेखत संसार उद्ध्वस्त झालेला माणूस जिवंत असता त्याची कथा पडद्यावर आणणाऱ्याची जबाबदारी कायद्याने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा किती तरी मोठी असते.

ही जबाबदारी कोणती, याविषयी पालि साहित्यात दोन प्रसंग आहेत. संयुत्तनिकायात तालपुट नावाचा नटांचा प्रमुख भगवंतांकडे येतो. रंगभूमीवर खऱ्याखोट्याने लोकांना हसविणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांत जन्मतो, असे त्याच्या पूर्वाचार्यांनी त्याला सांगितलेले असते. भगवंत दोनदा उत्तर टाळतात आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की, आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेल्या प्रेक्षकांचे बंधन जो आणखी आवळतो त्याची गती तशी नसते. तालपुट रडतो, आणि पुढे प्रव्रज्या घेऊन अर्हत होतो. येथे नाट्याचा निषेध आहे असे घाईने म्हणू नये. प्रेक्षकाच्या मनात काय वाढविले, हा त्यातील प्रश्न आहे. दलित स्त्रीवरील अत्याचार दाखविताना पाहणाऱ्याची वासना चेतविली जात असेल, तर त्या चित्रपटास तालपुटाला मिळालेले उत्तरच लागू होईल.

दुसरा प्रसंग मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तातील आहे. तथागत दुसऱ्यांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असा प्रश्न राजकुमार विचारतो. त्याच्या मांडीवर एक तान्हे मूल असते. या मुलाने काटकी वा खडा तोंडात घातला तर तू काय करशील, असे भगवंत त्यास विचारतात. रक्त आले तरी तो काढीन, कारण मुलाविषयी मला करुणा आहे, असे राजकुमार म्हणतो. त्यावर भगवंत वाणीची कसोटी सांगतात. जे असत्य वा अहितकर आहे ते तथागत बोलत नाहीत. जे सत्य आणि हितकर आहे ते, प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ जाणून बोलतात. या कसोटीत ऐकणाऱ्याच्या नाराजीला नकाराधिकार नाही. तसेच ही कसोटी बोलणाऱ्याने स्वतःला लावावयाची आहे. ती हाती घेऊन राजाने इतरांची तोंडे बंद करावीत असे त्या सुत्तात कोठेही सुचविलेले नाही.

या कसोटीवर नागराज मंजुळे यांचा 'फॅन्ड्री' उतरतो, असे आमचे मत आहे. डुक्कर वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील फुले-आंबेडकरांच्या चित्रांसमोरून जाते, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्याच दिशेने येतो. हे अप्रिय आहे, सत्य आहे आणि हितकरही आहे. याउलट त्यांच्याच 'सैराट'चा २०१८ मध्ये 'धडक' हा हिंदी अवतार आला, तेव्हा त्यातील जात कोणत्याही मंडळाने न सांगताच फिकी झाली. कात्री सरकारी असते तशीच ती बाजाराच्या मनातही असते, आणि ही दुसरी कात्री कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नाही.

म्हणून सेन्सॉरविरुद्धची लढाई जिंकली म्हणजे काम संपले असे समजू नये. जे चित्रपट सत्य बोलतात ते तिकीट काढून पाहणे, त्यांवर विहारांत आणि ग्रंथालयांत चर्चा घडविणे, आणि आपल्यावर टीका करणाऱ्या चित्रपटास बंदीने नव्हे तर लेखणीने उत्तर देणे, हे आपल्या हाती आहे. आंधळगावच्या ठाण्यात त्या रात्री एका माणसाने सांगितलेले वेळेवर ऐकले गेले नाही. पुढे न्यायालयाच्या निकालात त्या सांगण्यातील एक शब्द टिकला नाही. तो शब्द पडद्यावरूनही पुसला जाऊ नये, एवढी दक्षता तरी या पिढीने घेतली पाहिजे.